डिजिटल छायाचित्रण आणि त्र्यंबकचे फाळके

हल्लीं बहुतेक घरांत मोबाईल आहे आणि मोबाईलमध्यें कॅमेरा आहे. त्र्यंबकेश्वरीं आलेला यात्रेकरू कुशावर्तावर पाय ठेवतो न ठेवतो तोंच छायाचित्र काढतो. परंतु चित्र बिघडलें कीं दोष मात्र कॅमेऱ्यास दिला जातो. वास्तविक दोष बहुधा उजेडाचा, किंवा उजेडाकडे न पाहणाऱ्या आपल्या डोळ्यांचा असतो.

हें ज्यांनीं जन्मभर ओळखलें ते धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके याच त्र्यंबकेश्वरीं ता. ३० एप्रिल १८७० रोजीं जन्मले. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ता. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांपुढें आला, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वीं पंचवीसांहून अधिक वर्षें ते शिकतच होते, हें सहसा सांगितलें जात नाहीं. १८८५ सालीं ते जे. जे. कलाशाळेंत गेले, पुढें बडोद्याच्या कलाभवनांत चित्रकला व छायाचित्रण शिकले, गोध्र्यास छायाचित्रांचा धंदा करून पाहिला, आणि १९०९ सालीं तिरंगी छपाईच्या यंत्रांसाठीं थेट जर्मनीस गेले.

ही तिरंगी छपाई नीट समजली म्हणजे डिजिटल कॅमेरा अर्धा समजला. रंगीत चित्र छापण्यासाठीं मूळ चित्राचें छायाचित्र तांबड्या, हिरव्या व निळ्या कांचेतून असें तीनदां घेत. त्यांवरून तीन ठसे होत आणि ते एकावर एक छापले कीं सारे रंग प्रकट होत. आजच्या कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं एक लहानशी चकती असते. तीवर प्रकाश मोजणारीं सूक्ष्म घरें असतात. बारा मेगापिक्सेल म्हणजे अशीं सुमारें एक कोटि वीस लक्ष घरें. प्रत्येक घरावर तांबडा, हिरवा किंवा निळा असा एकच पडदा असतो. त्यांत हिरव्यांची संख्या दुप्पट, कारण आपल्या डोळ्यांस हिरव्या प्रकाशांतील तपशील अधिक कळतो. प्रत्येक घरांत किती प्रकाश पडला, तें अंकांत लिहिलें जातें. म्हणूनच हें डिजिटल म्हणजे अंकी चित्र होय. १९७५ सालीं अमेरिकेंत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन यांनीं केलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यांत अवघीं दहा हजार घरें होतीं, आणि एक चित्र फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत!

कॅमेऱ्यांत प्रकाश किती घ्यावा, हें तीन गोष्टींवर ठरतें : भिंगाचें छिद्र किती मोठें, झडप किती वेळ उघडी, आणि चकतीची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ किती. झडप फार वेळ उघडी राहिली तर धांवणारें मूल पुसट येतें. आयएसओ फार वाढविल्यास चित्र रवाळ होतें. मोबाईल हें सारें आपणच ठरवितो, आणि तेथेंच फसतो. समोरचें दृश्य मध्यम करड्या रंगाचें आहे, असें त्याचें मापक धरून चालतें. त्यामुळें त्र्यंबकेश्वराच्या काळ्या पाषाणाचें मंदिर बाहेरून टिपलें कीं दगड फिकट राखाडी दिसतो, आणि पुढें उभ्या आजोबांचें धोतर म्हणजे निव्वळ पांढरा डाग होतो. अशा वेळीं धोतरावर बोट टेकवून पडद्यावरील सूर्याची खूण थोडी खालीं ओढावी. अंधारांतील तपशील मागून कांहींसा वर काढतां येतो; पांढऱ्यांत हरवलेला परत येत नाहीं.

आतां स्टुडिओंतील प्रकाशयोजना. तिचे महागडे दिवे पाहून दिपून जाण्याचें कारण नाहीं. ‘राजा हरिश्चंद्रा’चे प्रवेशहि सूर्यप्रकाशांतच घेतलेले होते. नियम असा कीं, उजेडाचा उगम जितका मोठा व जवळ, तितकी सांवली मऊ. श्रावणांत ब्रह्मगिरीवर ढग दाटले म्हणजे सारें आकाशच एक दिवा होतें आणि चेहरे सुरेख येतात; वैशाखाच्या भर दुपारीं त्याच चेहऱ्यांच्या डोळ्यांखालीं खड्डे दिसतात. घरीं आईस उत्तरेकडील खिडकीजवळ, खिडकीकडे किंचित् वळवून बसवा आणि दुसऱ्या बाजूस धाकट्या भावास पांढरी चादर धरून उभा करा. खिडकी हा मुख्य दिवा, चादर हा पूरक दिवा, झाला स्टुडिओ! लहान दिवा वापरल्यास ध्यानांत ठेवा : तीन फुटांवरील दिवा सहा फुटांवर नेला कीं उजेड निम्मा नव्हे, चौथाई होतो.

राहिलें संस्करण. ‘लंकादहन’ (१९१७) या मूकपटांत अण्णा साळुंके यांनीं राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या; तेथें खेळ आहे हें प्रेक्षक जाणून होता. छायाचित्राची गोष्ट निराळी. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनीं दिवंगत मातोश्रींचें छायाचित्र मोठें करून घेतलें. करणारानें न विचारतां सुरकुत्या पुसल्या, वर्ण उजळला आणि कपाळावरचें गोंदणहि काढून टाकलें. चित्र भिंतीवर लागतांच घरांतील लहान मुलगी म्हणाली, “ही आपली आजी नाहीं.” मूळ चित्र ज्या मोबाईलांत होतें तो केव्हांच मोडीत गेला होता. आतां त्या घरांत आजीचें तेवढेंच चित्र आहे.

म्हणून मूळ चित्रास कधींहि हात लावूं नये; प्रत काढून तीवरच काम करावें, आणि मूळ चित्र दुसऱ्या एखाद्या ठिकाणींहि जपून ठेवावें. पालकांनीं एवढें तरी या सुटींत अवश्य करावें. वांकडें चित्र सरळ करणें, कडेचा पसारा छाटणें, उजेड व रंग डोळ्यांनीं पाहिले तसे आणणें, येवढें नवशिक्यास पुरे.

प्रयोग करावयाचा असल्यास फाळक्यांचाच करा. १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला आणि ठराविक अंतरानें एकेक चित्र घेत अंकुराची वाढ पडद्यावर दाखविली. ती पाहूनच त्यांस पुढील चित्रपटासाठीं कर्ज मिळालें. तुम्ही वाटाणा रात्रीं भिजवून कुंडींत पेरा, मोबाईलची जागा भिंतीवर खडूनें आंखा, आणि रोज सकाळीं त्याच घटकेस, त्याच जागेवरून एक चित्र घ्या. कुंडी मात्र हलवूं नका. पाणी घालतांना आमची दोनदां हलली, आणि रोप पडद्यावर उड्या मारूं लागलें.