नुसतं पित्त नव्हे

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत आपल्या घरांत दोन वाक्यं हटकून ऐकू येतात. पहिलं, "अजून एक चकली घे ना." दुसरं, तीनचार तासांनी, "पित्त झालंय बहुतेक." मग कुणी ओवा पुढे करतं, कुणी आमसुलाचं सार, कुणी पाकिटातली गोळी. दोन दिवसांत पोट जागेवर येतं. इथवर काही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते तेच वाक्य संक्रांतीला, शिमग्याला आणि श्रावणातही चालू राहतं तेव्हा. आपल्याकडे छातीत जळजळलं तरी पित्त, डोकं दुखलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. उरलेलं सगळं गॅस. या दोन झाकणांखाली डझनभर आजार वर्षानुवर्षं सुखाने नांदतात. पोटाच्या आजारांवरचं गेल्या दोनशे वर्षांतलं संशोधन म्हणजे बरंचसं अशी झाकणं उघडण्याचंच काम.

खिडकी पडलेलं पोट

6 जून 1822. अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर कातड्यांच्या व्यापारी कंपनीत काम करणाऱ्या ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचे छर्रे लागले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं, पण जखम भरूनही जठरात थेट उघडणारं भोक तसंच राहिलं. बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला मांसाचे, कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने ओढून पाहिले. असे दोनशेहून अधिक प्रयोग त्यांनी 1833 साली पुस्तकरूपाने मांडले. अन्न जठरात नुसतं दळलं जात नाही, रसाने विरघळतं, हे त्यातून पक्कं झालं. माणूस चिडला की जठराचं काम बिघडतं, हेही त्यांनी टिपलं. सेंट मार्टिन मात्र या सगळ्याला इतका विटला होता की 1880 साली तो गेल्यावर डॉक्टरांच्या हाती देह लागू नये म्हणून घरच्यांनी तो सडेपर्यंत पुरलाच नाही.

जिवंत माणसाचं पोट भोक न पाडता पाहायचं, तर वाकणारी दुर्बीण हवी. त्यासाठी लागणारी काचतंतूंची जुडी 1954 साली लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी मांडली. ते वाचून बेझिल हर्शोविट्झ यांनी अमेरिकेत तशी दुर्बीण बनवली आणि 1957 साली आधी स्वतः गिळून पाहिली. आज तालुक्याच्या गावीही होणारी एंडोस्कोपी तिथून निघाली.

काळजीचा अल्सर आणि जंतूचा अल्सर

अल्सर म्हणजे काळजी आणि तिखट, हे समीकरण डॉक्टरांनाही मान्य होतं. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेलं सिमेटिडीन 1976 साली बाजारात आलं तेव्हा आम्ल दबलं, व्रण भरू लागले. पण गोळी थांबवली की व्रण परत हजर.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टना 1979 पासून जठराच्या तुकड्यांत नागमोडी जंतू दिसत होते. आम्लात जंतू जगतच नाहीत, असं पुस्तकं सांगत होती. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. प्रयोगशाळेत जंतू काही वाढेनात, कारण बशा दोन दिवसांनी फेकल्या जात. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या विसरून पाचेक दिवस राहिल्या आणि जंतू उगवले. तरी अल्सरमागे हे जंतू आहेत हे लोक मानेनात, म्हणून 1984 साली मार्शल यांनी त्या जंतूंचं पाणी स्वतः प्यायलं. काही दिवसांतच त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठराला सूज आढळली. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं.

आपल्याकडे हाच जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, बहुसंख्य प्रौढांच्या पोटात असतो, पण अल्सर थोड्यांनाच होतो. ज्यांना होतो त्यांच्यासाठी प्रतिजैविकांचा साधारण 14 दिवसांचा पूर्ण कोर्स असतो. सहाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून तो सोडला, तर उरलेले जंतू औषधाला दाद देत नाहीत. अल्सरचं दुसरं मोठं कारण घराघरांत आहे: गुडघेदुखीवर रोज, न विचारता घेतलेली वेदनाशामक गोळी.

भाकरी खाणारं घर

सिलिॲक हा आजार गव्हातल्या ग्लूटेनमुळे होतो. गव्हाशी असलेलं त्याचं नातं नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी उलगडलं. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि अशी आजारी मुलं उलट सुधारू लागली. डिके यांना संशय आधीपासून होता, तो बळावला. 1950 साली त्यांनी प्रबंध लिहिला. ग्लूटेनने चिडलेली प्रतिकारशक्ती लहान आतड्याची अन्न शोषणारी लव झिजवते. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार आढळतो, दक्षिणेत तो बराच कमी.

ओळखीच्या एका घरात नऊ वर्षांच्या मुलीची उंची वाढेना, लोहाची औषधं देऊनही हिमोग्लोबिन चढेना. तीन वर्षं जंताचं औषध चाललं. शेवटी रक्ताची चाचणी, मग एंडोस्कोपीने आतड्याचा तुकडा, आणि निदान झालं. आई म्हणाली, "आपण भाकरी खाणारी माणसं, जमेल." ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, कशातच ग्लूटेन नाही. तरी सहा महिन्यांनी चाचणी बिघडलेलीच. चोर निघाला गिरणीत: गव्हाच्या दळणामागोमाग हिची ज्वारी पडत होती. दुसरा चोर फोडणीत. बाजारातल्या हिंगपुडीत बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो. मग घरघंटी आली, पोळपाट-लाटणं वेगळं झालं, हिंग बंद झाला. आता तिच्या दिवाळीत घरी दळलेल्या भाजणीची चकली आणि बेसनाचे लाडू असतात. शंकरपाळी घरात होतच नाही, तिच्या धाकट्या भावासाठीसुद्धा.

दोन सारखे दिसणारे

न्यूयॉर्कचे बरिल क्रोन आणि सहकाऱ्यांनी 1932 साली लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या सुजेचं वर्णन केलं. तोच क्रोन्स आजार. आपल्याकडे पेच असा की आतड्याचा क्षयही नेमका तिथेच होतो आणि दुर्बिणीतून दोन्ही सारखेच दिसतात. चूक महागात पडते, कारण क्रोन्सची औषधं प्रतिकारशक्ती दाबतात आणि तेवढ्याने क्षय भडकतो. म्हणून निर्णय होत नसेल तेव्हा आधी क्षयाची औषधं देऊन दोनतीन महिने वाट पाहिली जाते. 1998 पासून इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक औषधं आली आणि अनेकांची शस्त्रक्रिया टळली, पण तीही क्षयाची तपासणी झाल्यावरच. या रुग्णांचं रोजचं जगणं मात्र औषधापेक्षा संडासाभोवती फिरतं. एसटीत बसण्याआधी ते गाडी कुठे थांबते ते विचारतात, लग्नाच्या हॉलमध्ये आधी तो दरवाजा शोधून ठेवतात. हे कुणाला सांगायचं, हीच मोठी अडचण.

तपासणीत काही नाही, तरी दुखतं

सगळे रिपोर्ट चांगले आणि तरी पोटात मुरडा, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ: हा आयबीएस. "मनाचं आहे" म्हणून रुग्णाला परत पाठवायची पद्धत होती. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशी आहेत आणि मेंदूशी त्यांची सतत देवाणघेवाण चालते. ती बिघडली तर दुखणं खरंच असतं, दुर्बिणीत दिसत नाही एवढंच. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने आतड्यात आंबणाऱ्या शर्करांवरून आहार सुचवला: कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध काही आठवडे बंद, मग एकेक परत सुरू करून कुठलं बाधतं ते पाहायचं. लोक पहिला भाग करतात, दुसरा विसरतात आणि उगाच खंगतात.

मीठ-साखरेचं पाणी

सगळ्यात स्वस्त शोध आपल्याकडचाच. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. साखर आतड्यातून आत जाताना मिठाला बरोबर नेते आणि मिठामागे पाणी जातं, एवढंच त्याचं शास्त्र. तरी जुलाबात मुलाचं पाणी तोडणारी घरं आजही आहेत. या पाण्यालाच ओआरएस म्हणतात, डब्यातल्या गोड पेयाला नव्हे. ओआरएसच्या पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ती पूड कालवावी.

कागद घेऊन जा

फराळाचं पित्त दोन दिवसांत जातं. पण गिळताना अडकणं, विनाकारण वजन उतरणं, शौचातून रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ, झोपेतून उठवणारं दुखणं, कारण न कळलेला रक्तक्षय, पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेली तक्रार: यांना पित्त म्हणू नका. छातीतल्या दडपणाबरोबर घाम फुटला, तर गॅस म्हणून सोडा पीत बसू नका, आधी ईसीजी काढा. आम्ल दाबणारी गोळी दोन आठवड्यांहून अधिक स्वतःच्या मनाने घेऊ नका. आणि डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांचा कागद न्या: काय खाल्लं, कधी दुखलं, कुठे दुखलं, शौच कसं झालं. लाजून "जरा पित्ताचा त्रास आहे" एवढंच सांगितलंत, तर समोरचाही पित्ताचीच गोळी लिहून देईल.