साच्यातला लेझर आणि आपली पोरं

केज तालुक्यातील एका विहारात दर रविवारी आमचा अभ्यासवर्ग भरतो. मागच्या महिन्यात विषय निघाला हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो प्रकल्पाचा. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून तिथे लेझरचा किरण धावणार आहे. ऊसतोड कुटुंबातला, बी.एस्सी. करणारा एक मुलगा म्हणाला, "ताई, तिथं आपल्याला वॉचमनचीच नोकरी ना? लेझर बनवणं हे मोठ्या लोकांचं काम." त्याला उत्तर द्यायचं म्हणून जे वाचलं, ते इथे मांडते.

कोणत्याही लेझरला तीन गोष्टी लागतात. प्रकाश वाढवणारा पदार्थ, तो प्रकाश पुन्हा पुन्हा त्याच पदार्थातून फिरवणारी आरशासारखी रचना आणि बाहेरून ऊर्जा. काही लहान लेझरमध्ये आरशाचं काम बारीक समांतर खाचा करतात. आपला केस साधारण ७० ते ८० मायक्रोमीटर जाड असतो. या खाचांमधलं अंतर एक मायक्रोमीटरपेक्षाही कमी असतं. त्या कोरायच्या तर धूळमुक्त 'क्लीन रूम' आणि कोट्यवधींची यंत्रं लागतात. आपल्याकडच्या कॉलेजांसाठी दार इथेच बंद होतं.

बुद्धमूर्तीचा साचा आठवा

रबरी साच्यात प्लास्टर ओतून बुद्धमूर्ती बनवताना तुम्ही पाहिलं असेल. मूळ मूर्ती घडवायला मेहनत लागते, पण एकदा साचा झाला की शेकडो मूर्ती निघतात. 'सॉफ्ट लिथोग्राफी' ही पद्धत नेमकी अशीच आहे. १९९०च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने ती विकसित केली. महागड्या यंत्रावर मूळ नक्षी एकदाच कोरायची. तिच्यावर सिलिकॉन रबराचं पातळ मिश्रण ओतायचं, गरम करून घट्ट करायचं आणि सोलून काढायचं. मग रोडामाइनसारखं चमकणारं रंगद्रव्य मिसळलेल्या प्लास्टिकच्या थरावर तो रबरी शिक्का दाबायचा. खाचा उमटतात आणि तो थरच लेझर बनतो.

शिकण्यासाठी तयार नक्षी घरातच असते. जुन्या डीव्हीडीवरच्या खाचा ०.७४ मायक्रोमीटर अंतरावर असतात, तर सीडीवरच्या १.६ मायक्रोमीटरवर.

दुसऱ्या एका वाटेत तर साचाही लागत नाही. विजापूरच्या गोलघुमटात आवाज भिंतीच्या कडेने फिरतो, तसा गोल थेंबात प्रकाश कडेने आतल्या आत फिरत राहतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुशील मुजुमदार यांच्या गटाने रंगद्रव्य मिसळलेल्या अल्कोहोलच्या सूक्ष्म थेंबांच्या रांगेतून लेझर प्रकाश मिळवला. ते संशोधन २०१३ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये प्रसिद्ध झालं.

मर्यादाही समजून घ्या

या लेझरांना पेटवायला बहुधा दुसरा लेझर लागतो आणि तो स्वस्त नसतो. रंगद्रव्यही वापरून वापरून फिकं पडतं. म्हणजे खर्च संपत नाही, पण बराचसा एकदाच करावा लागतो. पाण्यातली रसायनं किंवा रक्तातले घटक ओळखणाऱ्या छोट्या चिपसाठी अशा लेझरांवर संशोधन सुरू आहे.

दार कुठे आहे?

मूळ नक्षी कोरण्याची महागडी यंत्रं सामायिक असू शकतात. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २००८ पासून सुरू झालेल्या 'आयएनयूपी' कार्यक्रमातून बाहेरच्या संस्थांमधल्या संशोधकांनाही प्रशिक्षण आणि यंत्रं मिळाली. पीएच.डी.साठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. हे आपल्या किती पोरांना ठाऊक आहे? ज्ञान महाग आहे हे खरं, पण ते कुठे मिळतं याची माहितीच न पोहोचणं, हीही एक जुनीच दारबंदी आहे. ती मोडणं हे आपल्या कार्यकर्त्यांचं काम आहे.

येत्या रविवारी आम्ही सीडी आणि डीव्हीडीवर लेझर पॉइंटरचा किरण टाकून भिंतीवरचे ठिपके मोजणार आहोत. डीव्हीडीचे ठिपके जास्त दूर पसरतात, कारण तिच्या खाचा जवळजवळ असतात. किरण किंवा त्याचं परावर्तन कुणाच्याही डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, एवढी काळजी घेऊन तुमच्याही विहारात हे करून बघा. आमच्याकडे मोजमाप तोच मुलगा घेणार आहे.

जय भीम!