शीतद्रावणातील यकृत

परभणीसह मराठवाड्यातील अवयववाटपाची तजवीज छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय केंद्राकडे असून, तेथून पुण्या-मुंबईस निघालेल्या यकृतास साधारणतः 12 तासांचीच मुदत असते. तेवढा वेळ ते टिकवायला नुसत्या बर्फाने भागत नाही. थंडीत पेशींतील क्षारांचा समतोल ढळून पाणी आत शिरते व त्या फुगतात. म्हणूनच 1980च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर व साउथार्ड यांनी सिद्ध केलेले, पेशींत सहज न शिरणाऱ्या लॅक्टोबायोनेट व रॅफिनोज या द्रव्यांनी युक्त असे द्रावण, रक्त धुऊन निघेपर्यंत वाहिन्यांतून सोडतात. मग फिकट पडलेले ते यकृत त्याच द्रावणात बुडवून, एकात एक निर्जंतुक पिशव्यांत, बर्फाचा प्रत्यक्ष स्पर्श टाळून, 4 अंशांच्या आसपास ठेवतात. ही विद्या मला शस्त्रक्रियेइतकीच थोर वाटते. पण दाताच नसेल तर ती व्यर्थ; म्हणून वाचकहो, आपला अवयवदानाचा मनोदय घरच्यांना आजच सांगा. अखेरची संमती त्यांच्याकडूनच घेतली जाते.