ब्रेकचे पॅड आणि वेगाचा वर्ग

समजा, तुमचा थोरला भाऊ प्रभादेवीला राहतो. हौसेने त्याने आपल्या मोटारीची ताकद वाढवून घेतली आहे. (नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे करता येत नाही, ते त्याने आधी पाहिले आहे असे धरू.) आता त्याला नवे ब्रेक पॅड हवे आहेत. दुकानदार तीन खोकी पुढे ठेवतो. एक नेहमीच्या पॅडचे, दुसरे जरा महाग, आणि तिसरे शर्यतीच्या गाड्यांचे. दादाचा हात तिसऱ्या खोक्याकडे जातो. सर्वांत महाग तेच सर्वांत चांगले, असा त्याचा हिशोब. तो बरोबर आहे का, हे आपण शाळेतल्या भौतिकीनेच तपासू.

ब्रेक करतो तरी काय? चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरत असते. पेडल दाबले की नळीतल्या तेलाचा दाब पॅडवर येतो आणि दोन पॅड तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. घर्षणामुळे गाडीच्या गतिज ऊर्जेची उष्णता होते. म्हणजे ब्रेक हे ऊर्जा नाहीशी करणारे यंत्र नव्हे, तिची उष्णता करणारे यंत्र आहे. ही उष्णता किती, हाच खरा प्रश्न.

माणसांसह गाडीचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम धरा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. गतिज ऊर्जा = ½ × १२०० × १४ × १४ = १,१७,६०० ज्यूल. आता वेग दुप्पट, ताशी १०० किलोमीटर करा. ऊर्जा होते ४,७०,४०० ज्यूल. दुप्पट नव्हे, चौपट! इंजिनाची ताकद वाढली की गाडी वरचा वेग लवकर गाठते आणि ब्रेकला हा चौपट भार पुन्हा पुन्हा सोसावा लागतो.

ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या ब्रेकना जास्त काम पडते. यातली ७० टक्के ऊर्जा पुढच्या दोन तबकड्यांत गेली आणि दोन्हींचे मिळून वजन १० किलोग्रॅम आहे असे समजू. बिडाची विशिष्ट उष्णता किलोग्रॅमला सुमारे ४६० ज्यूल प्रति अंश. तेव्हा ताशी १०० किलोमीटरवरून एकदा थांबले की तबकड्या सुमारे ७० अंश सेल्सिअसने तापतात. ताशी ५० वरून थांबल्यास जेमतेम १८ अंशांनी. सिद्धिविनायकापासून दादरपर्यंत सिग्नलला थांबत गेलात, तर दोन सिग्नलांच्या मध्ये वारा तबकड्यांना बरेचसे थंड करतो.

आता दादा घरच्यांना घेऊन लोणावळ्याला गेला आणि परत निघाला. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत उतार सुमारे ५०० मीटर. स्थितिज ऊर्जा = १२०० × ९.८ × ५०० = ५८,८०,००० ज्यूल. ताशी ५० वरून थांबण्याच्या ऊर्जेने हिला भागून पाहा. उत्तर येते ५०! घाट नुसत्या ब्रेकवर उतरणे म्हणजे पन्नास वेळा थांबण्याइतकी उष्णता काही मिनिटांत ब्रेकमध्ये ओतणे. तबकड्या मुळीच निवल्या नाहीत असे धरले, तर तापमान जवळजवळ ९०० अंशांनी वाढेल. वारा तितके होऊ देत नाही. पण धोका कुठे आहे, हे या आकड्यावरून कळते.

पॅड हा अनेक पदार्थांचा गोळा असतो. तंतू, धातूची पूड आणि इतर द्रव्ये फेनॉलिक रेझीनने एकत्र बांधलेली असतात. तापमान फार वाढले की हे रेझीन विघटित होऊ लागते, त्यातून वायू सुटतात, पॅडचा घर्षणांक घसरतो. पेडल तेवढेच दाबले तरी गाडी थांबत नाही. म्हणून शर्यतीचे पॅड जास्त तापमान सोसतील असे बनवतात. पण त्यांचा घर्षणांक थंड असताना कमी असतो. ते तापल्यावरच नीट पकडतात. सकाळी घरातून निघाल्यावर पहिल्याच वळणावर एखादे मूल चेंडूमागे धावत आले, तर? तेव्हा पॅड थंडच असणार! शिवाय ते कुरकुरतात आणि तबकडी लवकर झिजवतात.

दादाला आणखी एक गोष्ट सांगा. एकदा थांबण्यासाठी लागणारे अंतर शेवटी टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणावर ठरते. जुनेच पॅड चाके जाम करण्याइतका जोर लावत असतील, तर नव्या पॅडने ते अंतर कमी होणार नाही. चांगल्या पॅडचा फायदा पुन्हा पुन्हा ब्रेक लावताना दिसतो. आणि फक्त मागचे पॅड जास्त पकडीचे बसवले, तर मागची चाके आधी घसरून गाडी गिरकी घेऊ शकते.

मग निवड कशी करायची? बऱ्याच पॅडवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर साधारण तापमानाचा घर्षणांक सांगते, दुसरे तापलेल्या अवस्थेतला. 'ई' म्हणजे ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५. 'एफई' असेल तर पॅड तापल्यावर पकड कमी होते. 'एफएफ' असेल तर ती टिकते. शहरात फिरणाऱ्या आणि अधूनमधून घाट उतरणाऱ्या गाडीला मधल्या खोक्यातले, रस्त्यासाठीच बनवलेले 'एफएफ' पॅड योग्य. पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस नाही, याची खात्री करावी. त्याची धूळ श्वासातून गेल्यास कर्करोग होऊ शकतो.

ब्रेकचे तेलही विसरू नका. ते हवेतली आर्द्रता शोषते आणि मुंबईत आर्द्रतेला तोटा नाही! 'डॉट ४' प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश. पाणी शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकते. पॅड कितीही महाग असले तरी मग उपयोग नाही. म्हणून तेल वेळच्या वेळी बदलावे, आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा. मग बराचसा भार इंजिन घेते आणि ब्रेक थंड राहतात.

आता तुमच्यासाठी एक गणित. दादाने ताशी १०० ऐवजी ८० किलोमीटर वेग ठेवला, तर एकदा थांबताना ब्रेकमध्ये जाणारी उष्णता किती टक्क्यांनी कमी होईल? उत्तर काढा आणि दादाला दाखवा. पॅडचे खोके उघडण्याआधी!