न तुटलेला भाग का फेकायचा?

पूर्णा हे परभणी जिल्ह्यातले जुने रेल्वे जंक्शन. अशा जंक्शनवर पूर्वी एक दृश्य हमखास दिसे. गाडी येऊन थांबली की एक कामगार लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या कडेने चालत जाई आणि प्रत्येक चाकावर एकेक ठोका मारी. चाक धड असेल तर घंटेसारखा खणखणीत आवाज येई. तडा गेला असेल तर आवाज बद्द येई. माठ विकत घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो, तीच ही युक्ती.

परभणी जिल्ह्यात विमानतळ नाही. आपल्या मुलांना विमान दिसते ते बहुधा आकाशातल्या पांढऱ्या रेघेच्या टोकाला, दहा-अकरा किलोमीटर उंचीवर. ती रेघ पाहताना एखादे मूल विचारतेच, ‘‘इतक्या वर इंजिनातला एखादा भाग मोडला तर?’’ तिथे हातोडीवाला पोचू शकत नाही. मग विमानाच्या इंजिनातले भाग कोण तपासतो, आणि कोणता भाग केव्हा काढून टाकायचा हे कसे ठरते? या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात सांगता येते : भाग मोडण्याची वाट पाहायची नाही, आणि एकदा काढलेला भाग परत येऊ द्यायचा नाही. वाक्य सोपे आहे, पण ते पाळायला फार कठीण आहे. का, ते पाहू या.

तार वाकवून पाहू

बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती बारीक तार घ्या. ती नुसती ओढून तोडायची म्हटले तर हात दुखतील, पण तार तुटणार नाही. आता तीच तार एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहा. थोड्याच वेळात ती तुटेल. एका वेळच्या वाकवण्यात ताकद फारशी लागत नाही; परिणाम होतो तो पुन्हा पुन्हा वाकवण्याचा. याला धातूचा थकवा म्हणतात. माणसाचा थकवा विश्रांतीने जातो, धातूचा जात नाही. प्रत्येक वेळी आतली सूक्ष्म चीर किंचित पुढे सरकते, आणि शेवटी उरलेल्या भागाला भार पेलत नाही.

हे शास्त्र रेल्वेनेच शिकवले. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल मोडला आणि मोठा अपघात झाला. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने अ‍ॅक्सलवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. भार किती आणि तो किती वेळा दिला, या दोन्हींवर धातूचे आयुष्य अवलंबून असते, हे त्याने दाखवून दिले. पूर्णेच्या फलाटावरची हातोडी आणि आजच्या जेट इंजिनाची नियमावली ही एकाच घराण्यातली आहेत.

शंभर ग्रॅमचे साडेसात टन

जेट इंजिनात हवा आत ओढली जाते, दाबली जाते, तिच्यात इंधन जळते आणि तापलेला वायू टर्बाइनची पाती फिरवत मागे बाहेर पडतो. ही पाती एका जाड, गोल डिस्कच्या कडेला बसवलेली असतात. टर्बाइनच्या पहिल्या ओळीपाशी वायूचे तापमान पात्यांचा धातू वितळण्याच्या तापमानाहूनही जास्त असते. पात्यांच्या आतून आणि बारीक छिद्रांतून थंड हवा खेळवत ठेवतात, म्हणूनच ती टिकतात.

नववी-दहावीच्या मुलांबरोबर फळ्यावर एक गणित करता येईल. समजा, पाते १०० ग्रॅमचे आहे, मध्यापासून ३० सेंटिमीटरवर बसवले आहे आणि डिस्क मिनिटाला १५,००० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला २५० फेरे. पात्याचा वेग निघतो सेकंदाला सुमारे ४७० मीटर. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, या सूत्राने बल काढा. ते सुमारे ७४,००० न्यूटन येते, म्हणजे साडेसात टन वजनाइतके. मूठभर पात्याला धरून ठेवायला ट्रॉलीभर उसाइतका भार डिस्कवर येतो, आणि अशी पाती एका डिस्कवर कितीतरी असतात.

विमान उडते तेव्हा हा भार चढतो, उतरून इंजिन बंद केले की उतरतो. ही तारेची एक वाकवणी झाली. म्हणून अशा भागांचे वय वर्षांत मोजत नाहीत, उड्डाणांत मोजतात. एक उड्डाण आणि एक उतरणे मिळून एक फेरा.

एखादे पाते तुटले तर ते इंजिनाच्या कवचात अडकून राहावे, अशी कवचाची रचना करतात. इंजिन मंजूर होण्याआधी ते पूर्ण वेगात चालवून पुढच्या पंख्याचे एक पाते मुद्दाम तोडतात आणि कवच टिकते का ते पाहतात. डिस्कचे मात्र तसे नाही. फिरत्या डिस्कच्या तुकड्यांत इतकी ऊर्जा असते की त्यांना अडवील असे कवच विमानाला वाहून नेता येणार नाही. तेव्हा डिस्क तुटल्यावर काय करायचे हा प्रश्नच नाही. डिस्क तुटता कामा नये, एवढाच मार्ग उरतो.

सरासरीवर विसंबता येत नाही

समजा, वर्गात एकाच रिळाच्या दहा तारा वाकवल्या आणि त्या १४ ते २३ वाकवण्यांत तुटल्या. सरासरी १८ आली. आता मुलांना विचारा, अकराव्या तारेवर कोणाचा जीव टांगलेला असेल तर ती कितव्या वाकवणीला बाद कराल?

पुष्कळ मुले १८ म्हणतात. पण सरासरीचा अर्थच असा की साधारण निम्म्या तारा त्याआधी तुटतात. काही जण १३ म्हणतात. पण अकरावी तार पहिल्या दहांपेक्षाही कच्ची निघाली तर? उत्तर आणखी बरेच खाली न्यावे लागते.

इंजिनाच्या डिस्कचे आयुष्य याच विचाराने ठरवतात. हजार डिस्कांपैकी एकीत सुमारे पाऊण मिलिमीटरची चीर पडण्याची शक्यता ज्या फेऱ्याला येते, तिथे मर्यादा घालण्याची पद्धत रूढ आहे. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. मर्यादा भरली म्हणून काढलेल्या हजार डिस्कांपैकी जवळजवळ सगळ्या धडच असतात. डोळ्यांना दिसणारा एकही दोष नसलेला, अतिशय महागडा भाग आपण फेकून देतो, कारण हजारातला वाईट कोणता हे आपल्याला माहीत नसते.

मक्याच्या शेतातली डिस्क

पण मर्यादा पाळली म्हणजे झाले, असेही नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत डीसी-१० जातीच्या विमानाच्या शेपटीकडील इंजिनातली पंख्याची डिस्क हवेत फुटली. तुकड्यांनी विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक व्यवस्था निकामी केल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६ जणांपैकी ११२ दगावले, १८४ वाचले. हरवलेली डिस्क तीन महिन्यांनी, ऑक्टोबरात, मक्याची काढणी चालू असताना एका शेतात सापडली.

तिची मर्यादा १८,००० फेऱ्यांची होती. ती फुटली १५,५०३ फेऱ्यांना. कारण १९७१ साली टायटॅनियम वितळवतानाच त्यात नायट्रोजनमुळे कडक झालेला एक बारीक कण राहून गेला होता. मर्यादेचे गणित चांगल्या धातूसाठी होते आणि ही डिस्क जन्मतःच सदोष होती. अपघातापूर्वी ७६० फेरे आधी, १९८८ साली, तिची तपासणी झाली होती. भागावर चमकणारे द्रव लावतात. ते चिरेत शिरते आणि जंबुपार प्रकाशात चीर उजळून दिसते. ती चीर तेव्हाही सापडण्याइतकी मोठी होती, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. तपासणाऱ्या माणसाच्या नजरेतून ती सुटली.

भाग काढण्याची तीन कारणे

यावरून भाग सेवेतून काढण्याची तीन कारणे स्पष्ट होतात. पहिले, फेऱ्यांची मर्यादा भरली. दुसरे, तपासणीत दोष सापडला. आणि तिसरे, भाग ज्या घराण्यातला आहे ते घराणेच संशयित ठरले : तोच धातू, तीच भट्टी, तोच आराखडा. या तिसऱ्या प्रकारात सरकारी यंत्रणा आदेश काढते. आपल्या देशात हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते.

याचे आपल्याकडचे उदाहरण फार जुने नाही. १२ मार्च २०१८ रोजी महासंचालनालयाने इंडिगोची ८ आणि गोएअरची ३ अशी ११ ए-३२० निओ विमाने तत्काळ जमिनीवर उभी करायला लावली. प्रॅट अँड व्हिटनीच्या ठरावीक क्रमांकापुढच्या इंजिनांत एक सील सदोष निघाले होते. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये याच जातीची इंजिने लागोपाठ हवेत बंद करावी लागली. दोष या वेळी टर्बाइनच्या मागच्या, कमी दाबाच्या भागातल्या पात्यांत होता. आधी असा आदेश निघाला, की ज्या १६ विमानांची इंजिने २,९०० तासांहून जास्त चालली आहेत, त्या प्रत्येकावर पंधरा दिवसांत निदान एक तरी सुधारित इंजिन बसवावे. १ नोव्हेंबरला इंडिगोच्या सर्व ९७ निओ विमानांना ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली गेली. ही मुदत पुढे वाढवावी लागली.

‘निदान एक’ का, हा प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे. विमान एका इंजिनावर सुखरूप उतरू शकते. धोका असतो तो दोन्ही इंजिने एकाच घराण्यातली आणि एकाच वयाची असण्यात. एक बदलले की दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता खूपच घटते. सगळे भाग एका दिवसात बदलता येत नसतील, तर आधी कोणते बदलायचे याचाही नियम लागतो.

जुलै २०२३ मध्ये त्याच कंपनीने जाहीर केले, की काही डिस्कांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत भेसळीचे कण राहिले असण्याची शक्यता आहे. शेकडो इंजिने पंखांवरून उतरवून ध्वनिलहरींनी तपासावी लागली. भारतातही अनेक विमाने इंजिनांअभावी उभी राहिली. यातल्या बहुतेक डिस्कांत दोष नसणार, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही त्या काढाव्या लागल्या.

काढलेला भाग परत येऊ नये

इथपर्यंत अर्धेच काम झाले. बाद डिस्क दिसायला नव्यासारखी असते. ती कोपऱ्यात पडून राहिली आणि चुकून, किंवा लोभाने, दुसऱ्या इंजिनात बसली तर? म्हणून काढण्याचेही नियम आहेत. अधिकार असलेल्या माणसानेच भाग काढायचा. त्याचा क्रमांक, झालेले फेरे आणि काढण्याचे कारण लिहायचे. त्याला खुणेची चिठ्ठी लावून चांगल्या भागांपासून वेगळे, कुलपात ठेवायचे. आणि तो पुन्हा वापरायचा नाही असे ठरले की तो कापून, चिरडून किंवा वितळवून असा करायचा की कोणालाही दुरुस्त करून विकता येऊ नये. नुसता रंग फासणे, शिक्का मारणे किंवा एखादे भोक पाडणे पुरत नाही. रंग निघतो आणि भोक बुजवता येते. मर्यादा भरलेल्या भागांची विल्हेवाट कशी लावायची याचे नियम अमेरिकेने २००२ साली कायद्याच्या चौकटीत आणले.

मुलांना हे परके वाटायला नको. आरोग्य केंद्रातली नर्सताई इंजेक्शन दिल्यावर सुई लगेच कापून टाकते. कपाशीवर फवारलेल्या औषधाची रिकामी बाटली भोके पाडून, दाबून निकामी करायची असते, नाहीतर ती कोणाच्या तरी घरात गोडेतेल भरायला जाते. डिस्क कापण्यामागचा विचार हाच आहे.

कागदाचेही महत्त्व तितकेच. डिस्कच्या जन्मापासूनची प्रत्येक नोंद सांभाळावी लागते. मधल्या काही फेऱ्यांची नोंद हरवली तर डिस्क कितीही चांगली दिसली तरी वापरता येत नाही, कारण तिचे वय कोणालाच सांगता येत नाही. २०२३ साली लिस्बनच्या एका दुरुस्ती कार्यशाळेला एका लहानशा भागाच्या प्रमाणपत्राची शंका आली. तिने इंजिन बनवणाऱ्या कंपनीला विचारले, आणि प्रमाणपत्र खोटे असल्याचे कळले. लंडनच्या एका विक्रेत्याने खोट्या कागदांवर पुष्कळ भाग विकले होते. अनेक देशांत इंजिने उघडून ते शोधून काढावे लागले. भाग हातात होता, पण त्याच्यावर विश्वास ठेवायला आधार उरला नव्हता.

वर्गात करण्याजोगे

तारेचा प्रयोग एवढ्यावर सोडू नये. प्रत्येक गटाला वीस तारा द्या. दहा तारा तोडून त्यांच्या नोंदीवरून गटाने मर्यादा ठरवावी आणि वहीत लिहावी. मग उरलेल्या दहा त्या मर्यादेपर्यंतच वाकवाव्यात. एखादी मर्यादेआधीच तुटली तर गटाची मर्यादा चुकली. एकही तुटली नाही, तर त्या दहा धड तारांचे काय करायचे, हे गटाला विचारावे. ‘‘अजून चांगल्या आहेत, ठेवू या,’’ असे कोणीतरी म्हणेलच. तिथेच खरी चर्चा सुरू होते.

कारण हा प्रश्न फक्त विमानाचा नाही. मळणीयंत्राचा झिजलेला पट्टा, ट्रॉलीचा चिरलेला हूक, शाळेच्या सहलीच्या गाडीचे गुळगुळीत टायर यांच्याबद्दल आपण ‘अजून एक हंगाम चालेल’ असे म्हणतो. बहुतेक वेळा ते चालतेही, आणि म्हणूनच आपली सवय पक्की होते. त्या सवयीने आपल्याकडे हात आणि जीव गेले आहेत. विमानाच्या नियमांत वेगळे काही असेल तर एवढेच, की तिथे ‘अजून चालेल’ हे ठरवण्याचा अधिकार घाईत असलेल्या माणसाकडे ठेवलेला नाही. तो आधीच, शांतपणे, आकडे मांडून वापरलेला असतो.