कार्डाआधी रॅम

मालवणच्या समुद्रात टिपलेले स्कूबाचे व्हिडिओ संपादित करायला जुना डेस्कटॉप वापरायचा असेल, तर पहिला खर्च रॅमवर करावा, असं माझं ठाम मत आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तेव्हा प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमवरच चालतं. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पोचवते. तशाच दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की ही मर्यादा ५१.२ जीबी होते. याच डेस्कटॉपवर गेमही खेळायचे तर नव्या जड गेमना एवढ्याने भागणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. तिथे कार्ड लागतंच. मात्र मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॉटच मिळतात. त्याहून जास्त वीज खाणारं कार्ड आणलं की बऱ्याचदा पॉवर सप्लायही बदलावा लागतो आणि बजेट कोलमडतं. म्हणून जीटीएक्स १६५० चं वेगळी पॉवर केबल न लागणारं मॉडेल शोधावं. सेकंडहँड कार्ड आणखी स्वस्त पडेल, हेही खरं. पण किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत वापरलेलं असेल तर ब्रॅकेटवरचा गंज, पिनांवरचे हिरवट डाग आणि पंख्याची खरखर तपासल्याशिवाय पैसे मोजू नयेत.