पाठीमागचा पसारा धूसर कसा होतो?

मीटिंगमध्ये मागचे दोरीवरचे कपडे दिसू नयेत म्हणून आपण ‘ब्लर’ दाबतो. कॅमेरा मात्र ते कपडे टिपतच असतो. संगणकातला प्रोग्रॅम प्रत्येक चौकटीतला एकेक ठिपका तपासून हा माणसाचा की मागचा, असा अंदाज बांधतो आणि मागचे तेवढे ठिपके पुसट करतो किंवा त्यांच्या जागी दुसरं चित्र बसवतो. हे सेकंदाला वीस-तीस वेळा चालतं, तेही बहुधा तुमच्याच लॅपटॉपवर. जुन्या मशीनचा पंखा घरघरू लागतो तो यामुळेच.

टीम्समध्ये ही सोय २०१८ साली आली, गूगल मीटमध्ये २०२० साली. तोवर निम्मी ऑफिसं घरात आली होती.

अंदाज चुकतो तो कडांवर. मोकळे केस, हेडफोनची दांडी, खुर्चीची पाठ. हातातला चहाचा कप तर अर्धा गायब होतो, कारण प्रोग्रॅमला माणूस ओळखायला शिकवलेलं असतं, कप नव्हे. खिडकीकडे पाठ करून बसलात तर चेहरा काळवंडतो आणि कड आणखी फसते. उजेड समोरून घ्या, भिंतीपासून थोडं पुढे सरका. हिरवा पडदा लावला तर काम सोपं होतं, पण मग हिरवा कुर्ता घालू नका. धड नाहीसं होईल.

समुद्रकिनाऱ्याच्या चित्रापेक्षा मला साधा ब्लर बरा वाटतो. फक्त त्यावर फार विसंबू नका: घरातलं कुणी मागून गेलं, तर प्रोग्रॅम त्यांनाही माणूस समजून स्पष्ट दाखवू शकतो.